कोयनेचा नमुना आणि भंडारदऱ्याचे धरण : एका निर्देशग्रंथाचे परीक्षण

संरचना-अभियांत्रिकीच्या संगणकीय आज्ञावलींबरोबर जे निर्देशग्रंथ येतात, ज्यांना व्यवहारात आपण 'मॅन्युअल' किंवा 'डॉक्युमेंटेशन' म्हणतो, त्यांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. पुस्तकांचे परीक्षण होते, प्रबंधांचे होते. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे आज पदव्युत्तर प्रबंधांतील बहुतेक आकडे निघतात, तो ग्रंथ उपकरणाची पुरवणी समजून बाजूला ठेवला जातो. अडचण आली म्हणजे तो उघडावयाचा, हवी ती ओळ उचलावयाची आणि पुन्हा मिटावयाचा, असा त्याचा उपयोग होतो. हा उपयोग अपुरा आहे. इतकेच नव्हे तर काही प्रसंगी तो घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत एका प्रकरणाच्या बारकाईच्या वाचनातून मांडण्याचे येथे योजले आहे.

प्रकरणाची निवड सहेतुक आहे. 'अबॅकस' या आज्ञावलीच्या उदाहरणग्रंथात काँक्रीटच्या गुरुत्व-धरणाचे भूकंपीय विश्लेषण म्हणून जे उदाहरण दिले आहे, ते आपल्या सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे आहे. हे उदाहरण जगभर वापरले जाते. दगडी वा काँक्रीटच्या कोणत्याही धरणावर प्रबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याचा हात प्रथम त्याच्याकडेच जातो, आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न पुढे निर्माण होतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जवळचे धरण म्हणजे अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे. तो कोयनेची तयार फाइल घेतो, धरणाची रूपरेषा बदलतो, आणि उरलेले सारे जसेच्या तसे राहू देतो. या 'उरलेल्या साऱ्या'त काय काय दडलेले असते, ते पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम मूळ घटना. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात रिश्टर मानाने सुमारे 6.5 इतका भूकंप झाला. धरणाची उंची 103 मीटर. धरण कोसळले नाही. परंतु सांडव्याबाहेरील उंच खंडांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या, आणि त्या मुख्यतः पायथ्याकडील अंगाचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास होत्या. हा मोड कोयनेचे खास लक्षण आहे. बांधकाम चालू असतानाच योजनेत जो बदल झाला, त्याची ती खूण आहे. धरणातच बसविलेल्या यंत्राने जमिनीचा प्रवेग नोंदविला, त्यामुळे धरण, भूकंप आणि नुकसान या तिन्हींची नोंद एकत्र मिळण्याचा दुर्मीळ योग जुळून आला. 1973 मध्ये चोप्रा व चक्रवर्ती यांनी अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत या नुकसानीचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून काँक्रीटच्या भेगांचा जो जो नवा सिद्धान्त निघाला तो तो कोयनेवर पारखला जाऊ लागला. अबॅकसच्या ग्रंथात कोयना आली ती या मार्गाने. तिच्यामागे लुब्लिनर आणि त्यांचे सहकारी यांचे 1989 चे व ली आणि फेन्व्हेस यांचे 1998 चे काँक्रीटविषयक प्रतिपादन आहे. उदाहरण देण्याचा हेतू ते प्रतिपादन आज्ञावलीत कसे उतरले आहे हे दाखविणे हा आहे. धरणाची सुरक्षितता ठरविणे हा नव्हे.

हा हेतू ध्यानात ठेवून प्रकरण वाचले म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा उठून दिसतो. ग्रंथकार काहीही लपवीत नाहीत. धरणाचे पाण्याकडील अंग सरळ उभे धरले आहे व प्रत्यक्षात ते किंचित निराळे आहे, हे ते सांगतात. पाया दृढ मानला असून धरण व खडक यांचा परस्परांवरील परिणाम सोडून दिला आहे, हेही ते सांगतात. खंड सलग नसून सांध्यांनी विलग आहेत, म्हणून द्विमितीय व 'समतल प्रतिबल' अवस्थेतील विश्लेषण केले आहे. अवमंदन पहिल्या कंपनप्रकारासाठी 3 टक्के घेतले आहे. अडचण अशी की ही सारी विधाने एकेका वाक्यात, दुय्यम क्रियापदांच्या आश्रयाने येतात : 'मानले आहे', 'उपेक्षिले आहे', 'अंदाजिले आहे'. घाईने वाचणाऱ्याची दृष्टी आकड्यांच्या कोष्टकावर असते, क्रियापदांवर नसते. खरे पाहता या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाची सामग्री क्रियापदांत आहे. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशास, ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये एका ग्रंथावर टीका सांगितली. मूळ ग्रंथातील एकेक पद उलगडून वाचण्याची ती परंपरा तंत्रग्रंथालाही लावता येईल, अशी सूचना केल्यास ती अगदीच अस्थानी ठरू नये.

आता एकेक गृहीत घेऊ. परंतु सगळी सारख्या महत्त्वाची नाहीत. समतल प्रतिबल की समतल विकृती, हा वाद विद्यार्थी मौखिक परीक्षेत मोठ्या हिरिरीने करतात. उदाहरणात पॉयसनचे गुणोत्तर 0.15 आहे, त्यामुळे एका गृहीतातून दुसऱ्यात गेले तर दृढतेत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि कंप्रतेत सुमारे एक टक्का. इतक्या फरकासाठी पाने खर्ची घालू नयेत. पाण्याचा प्रश्न मात्र मोठा आहे.

भूकंपाच्या वेळी जलाशयाची खोली 91.75 मीटर होती. हालणाऱ्या धरणाबरोबर पाण्याचा काही भाग जणू पुढेमागे हालतो, असे मानण्याची वेस्टरगार्ड यांची 1933 ची रीत उदाहरणात स्वीकारली आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून जसजसे खाली जावे तसतसे हे मानलेले वस्तुमान वाढते. तळाशी ते दर चौरस मीटरला सुमारे 80 टन इतके भरते. वेस्टरगार्ड यांचे सूत्र तळापासून पृष्ठभागापर्यंत मिळविले, तर धरणाच्या दर मीटर लांबीमागे सुमारे 4,900 टन वस्तुमान येते. ग्रंथातील रूपरेषा आणि 2,643 किलोग्रॅम प्रति घनमीटर ही घनता घेऊन धरणाचे स्वतःचे वस्तुमान काढले, तर ते मीटरमागे सुमारे 9,500 टन होते. म्हणजे पाण्याचा वाटा धरणाच्या निम्म्याहून थोडा अधिकच आहे. यातील बराचसा भाग तळाजवळ असतो आणि तेथे धरण फारसे हालत नाही, म्हणून कंप्रतेवरील परिणाम या आकड्यावरून वाटतो तितका भयंकर नसतो; तथापि तो दुर्लक्षणीयही नाही. आता ग्रंथातील पुढचे वाक्य पाहा. हे वस्तुमान आज्ञावलीच्या 'स्टँडर्ड' भागात वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या उपकार्यक्रमाच्या साहाय्याने घातले आहे, आणि 'एक्स्प्लिसिट' भागातील विश्लेषणात पाण्याशी होणारी ही क्रिया अजिबात धरलेली नाही. आमच्या अनुभवात विद्यार्थ्याच्या संगणकावर फोर्ट्रानचा संकलक नसतो, उपकार्यक्रम चालत नाही, म्हणून तो दुसरी फाइल उचलतो आणि पाण्यावाचूनचे धरण हलवितो. आलेखावर मात्र 'जलाशय पूर्ण' असे लिहिलेले असते. ग्रंथाने फसविले असे येथे म्हणता येणार नाही. फसवणूक वाचनातच झाली.

ताणशक्तीचा आकडा 2.9 मेगापास्कल आहे, आणि तो कसा आला हे ग्रंथात स्पष्ट आहे. दाबातील अंतिम शक्ती 24.1 मेगापास्कल, तिच्या 10 टक्के म्हणजे 2.41, आणि भार अतिशय वेगाने येतो म्हणून 1.2 ने गुणून 2.89. हा आकडा कोयनेच्या काँक्रीटच्या नमुन्यांवरील ताण-परीक्षेतून थेट आलेला नसून एक अदमास व त्यावर वेगाचा एक गुणक असा बनलेला आहे. भूकंपासाठी ही रीत मान्य होण्यासारखी आहे. परंतु हाच आकडा धरणाच्या स्थिर भारांच्या, म्हणजे स्ववजन व पाण्याच्या दाबाच्या, विश्लेषणात घातला तर वेगाचा गुणक कोणत्या अधिकाराने राहिला? स्थिर भाराला वेग नाही. तेथे 2.41 च्या वर जाण्याचा हक्कच पोहोचत नाही. आणि चिनाईच्या धरणात तर 2.41 वरही नाही.

येथेच भंडारदऱ्याचा विचार करणे प्राप्त आहे. प्रवरेवरील हे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे 82 मीटर. त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होत असे. ते काँक्रीटचे नाही. चुन्याच्या बांधणीतील दगडी चिनाईचे आहे. 1969 मध्ये त्यास भेगा पडून मोठी गळती सुरू झाली, आणि पुढे पायथ्याच्या अंगाने धिरे बांधून त्याचे मजबुतीकरण करावे लागले. या दुखण्याचे मूळ समजून घेण्यास एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. त्या काळातील जुन्या दगडी धरणांच्या आखणीत उत्थापक दाब, म्हणजे पायात व चिनाईच्या सांध्यांत शिरलेल्या पाण्याचा वर उचलणारा दाब, हिशोबात घेण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. फ्रान्समधील बूझे धरण 1895 मध्ये फुटले तेव्हाच या दाबाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. परंतु ज्ञान एका ठिकाणी सिद्ध झाले म्हणजे ते सर्वत्र आचरणात येते असे नाही.

उत्थापक दाबाचे महत्त्व ओबडधोबड हिशोबानेही पटते. धरणाचा छेद त्रिकोणी मानावा. पायाखाली निचरा नाही, पाण्याकडील टोकास पूर्ण दाब, दुसऱ्या टोकास शून्य, असे धरावे. मग उत्थापक बल आणि धरणाचे वजन यांचे गुणोत्तर केवळ पाणी व चिनाई यांच्या घनतांवर अवलंबून राहते. रुंदी व उंची दोन्ही छेदून जातात. चिनाईचे विशिष्ट गुरुत्व 2.4 धरल्यास हे गुणोत्तर 0.42 येते. म्हणजे ज्या वजनाच्या जोरावर गुरुत्व-धरण उभे राहावयाचे, त्यातील दोन-पंचमांशाहून अधिक भाग पाण्याने उचलून धरलेला असतो. निचऱ्याची छिद्रे या दाबाला पुष्कळ उतार देतात. भारतीय मानक 6512 मध्ये निचऱ्याच्या रेषेवर दाब किती धरावा याचा निश्चित नियम दिला आहे. परंतु निचरा चालू आहे की बुजला आहे, हे जुन्या धरणात तपासून पाहावे लागते; गृहीत धरता येत नाही.

आता कोयनेच्या उदाहरणात उत्थापक दाब कोठे आहे? कोठेच नाही. भूकंपापूर्वी धरणावर स्ववजन व पाण्याकडील अंगावरील जलदाब लावला आहे. पाया दृढ असून तळ त्याला जखडला आहे. ग्रंथाच्या हेतूला हे पुरेसे आहे, कारण तेथे वरच्या मोडाजवळील भेगेचा प्रश्न आहे. भंडारदऱ्यास पहिला प्रश्न खालचा आहे. जो विद्यार्थी कोयनेची फाइल घेऊन रूपरेषा तेवढी बदलतो, त्याच्या हिशोबातून नेमकी तीच गोष्ट नाहीशी होते जिच्यामुळे जुन्या चिनाईच्या धरणांची चिंता करावी लागते. पडद्यावर सुंदर रंगीत चित्र उमटते, धरण सुरक्षित दिसते. आणि ते सुरक्षित दिसणे 1926 पूर्वीच्या आखणीचीच पुनरावृत्ती असते. शंभर वर्षांची प्रगती एका न वाचलेल्या वाक्याने पुसली जाते.

दृढ पायाच्या गृहीताचा आणखी एक उपद्रव आहे. जखडलेल्या तळाशी पाण्याकडील अंग जेथे मिळते त्या कोपऱ्यात स्थितिस्थापक सिद्धान्ताप्रमाणे प्रतिबलाला मर्यादाच नसते. जाळी जितकी बारीक करावी तितका आकडा वाढतो. एका जाळीतील तेथला महत्तम आकडा कोष्टकात घालून त्याची ताणशक्तीशी तुलना करणे निरर्थक आहे. तरी असे कोष्टक नसलेला प्रबंध आम्ही क्वचितच पाहिला आहे. अबॅकसच्या उदाहरणात काँक्रीट मृदू होत जाते आणि भेगेची उघडीप विस्थापनाच्या रूपात दिली आहे, म्हणून जाळीवरील अवलंबन पुष्कळ कमी होते. ही सोय सामग्रीच्या नमुन्यात आहे, जाळीत नाही. जो ती सामग्री टाकून देऊन साधे स्थितिस्थापक विश्लेषण करतो आणि जाळी मात्र तीच ठेवतो, त्याने उदाहरणातील रोग घेतला आणि औषध टाकले.

न दिसणाऱ्या आकड्यांचाही एक वर्ग आहे. भूकंपात भेग उघडते आणि मिटते. मिटल्यावर दाबातील दृढता परत येते काय? अबॅकसमध्ये काहीही न सांगितल्यास ती पूर्ण परत येते, आणि ताणातील दृढता मुळीच परत येत नाही. हे काँक्रीटला साधारणपणे साजेसे आहे. चुन्याच्या चिनाईत, जेथे मिटताना सांध्यातील चुना चुरडलेला असू शकतो, हेच साजेल असे मानण्यास आधार हवा. इमारतींच्या आज्ञावलींतही हाच प्रकार आहे. 'स्टॅड'मध्ये स्ववजन आपण स्वतः सांगितल्याखेरीज धरले जात नाही. 'ईटॅब्स'मध्ये मृतभाराच्या मूळ भारप्रकारात ते आपोआप असते. एका आज्ञावलीवर शिकून दुसऱ्या आज्ञावलीवर काम करणाऱ्याच्या हातून स्ववजन सुटण्याचा किंवा दुप्पट होण्याचा संभव येथेच आहे. एककांविषयी तर अबॅकसचा ग्रंथ प्रारंभीच सांगतो की आज्ञावलीस स्वतःची एककपद्धती नाही. मीटरऐवजी मिलिमीटर व पास्कलऐवजी मेगापास्कल घेतले, की 2,643 ही घनता टनांत दर घन मिलिमीटरला 2.643 भागिले एक अब्ज अशी लिहावी लागते. हे न करणाऱ्याच्या धरणाचे वजन कल्पनातीत होते. सुदैवाने ही चूक लपत नाही.

लपणाऱ्या चुकांचे काय होते, याचे उदाहरण नॉर्वेतील स्लीपनर-ए या समुद्री तेलमंचाचे आहे. त्याचा काँक्रीटचा पायाभाग 23 ऑगस्ट 1991 रोजी बुडाला. चौकशीत आढळले की विश्लेषणाची जाळी निर्णायक सांध्याजवळ अपुरी होती, आणि त्यामुळे कर्तन-प्रतिबल 47 टक्क्यांनी कमी भरले होते. आज्ञावली चुकली नव्हती.

येथे निर्देशग्रंथांतील निरनिराळ्या भागांच्या अधिकाराविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्याकडील बराचसा गोंधळ त्यातून निघतो. पडताळ्याचा ग्रंथ आज्ञावलीतील एकेक सोय सांगितल्याप्रमाणे चालते की नाही हे दाखवितो. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते. मानक-उदाहरणांचा ग्रंथ ज्ञात उत्तराशी तुलना करतो. सिद्धान्तग्रंथ समीकरणे देतो. उदाहरणग्रंथ या सर्वांहून सैल असतो. त्याचे काम मार्ग दाखविण्याचे आहे. कोयनेचे उदाहरण या शेवटच्या जातीचे आहे. त्यातील भेगांचे चित्र प्रत्यक्ष घटनेशी व अन्य अभ्यासकांच्या निष्कर्षांशी जुळते, हे खरे; परंतु त्यावरून 'अबॅकस धरणांसाठी प्रमाणित आहे' असे विधान करणे, जे प्रबंधांच्या तिसऱ्या प्रकरणात हमखास वाचावयास मिळते, हे जातीची गल्लत करणे होय. एका धरणाचे, एका भूकंपातील, एका खंडाचे साम्य सिद्ध झाले आहे. ज्या आकड्यांवरून ते साम्य निघाले त्यांतील काही पूर्वीच्या अभ्यासकांकडून आलेले असून, त्यांनीही ते आपल्या आधीच्यांकडून घेतलेले आहेत. प्रवेगाची नोंदसुद्धा धरणापासून दूर, मोकळ्या जमिनीवरची नाही. ती धरणाच्याच गॅलरीतील आहे.

ग्रंथावरही एक आक्षेप नोंदविला पाहिजे. सर्व गृहीते एकत्र, एका जागी दिलेली नाहीत. काही भूमितीच्या परिच्छेदात, काही भारांच्या, काही सामग्रीच्या. आणि हे विश्लेषण कोणत्या प्रकारच्या धरणाला लागू पडणार नाही, याविषयी एक वाक्यही नाही. ते वाक्य लिहिणे ग्रंथकारांना कठीण नव्हते. ते नाही म्हणून वाचकाने ते लिहावे, अशी आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे. प्रथम उदाहरण काहीही न बदलता चालवावे व छापील उत्तर येते का पाहावे. उपकार्यक्रम चालत नसेल तर तो चालेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर वहीच्या एका पानावर प्रत्येक 'मानले आहे' उतरून, त्याच्यासमोर आपल्या धरणाविषयी काय ठाऊक आहे ते लिहावे. समोरची जागा रिकामी राहील तेथे प्रबंधाचा खरा विषय आहे. मुळा धरण घेतलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच ओळीत कळेल की त्याचे धरण मातीचे आहे आणि हे उदाहरण त्याचे नव्हेच.

हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न राहिलेला नाही. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 अन्वये मोठ्या धरणांचे सर्वंकष सुरक्षा-मूल्यांकन करणे बंधनकारक झाले आहे. ते करण्यास जे अभियंते पुढे येतील, ते आज लोणी, संगमनेर, कोपरगाव, पुणे येथे शिकत आहेत. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे आहे, आणि त्याखाली प्रवरेकाठची दाट वस्ती.

भंडारदऱ्यावर काम करणाऱ्याने त्या पानावर आणखी एक ओळ लिहून ठेवावी. मूळ आराखड्यातील छेद आज अस्तित्वात नाही. 1969 नंतर बांधलेले धिरे लांबीच्या बाजूने अंतराअंतराने आहेत. जेथे धिरा आहे तेथला छेद आणि दोन धिऱ्यांमधला छेद एक नव्हे. द्विमितीय विश्लेषणाचे गृहीत, जे कोयनेत सांध्यांमुळे शोभून दिसते, ते येथे त्याच कारणाने मान्य होणार नाही; आणि जुनी चिनाई व नवे बांधकाम यांच्या जोडावर कोणती शक्ती धरावी, याचे उत्तर अबॅकसच्या कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. त्यासाठी धरणावर जाऊन, गॅलरीत उतरून, निचऱ्याच्या छिद्रांतून किती पाणी येते हे मोजावे लागेल.